दसऱ्यापर्यंतचा पायलट

आमच्या गल्लीतला पोस्टमन पाकिटावरचं आडनाव कधी वाचत नसे. परदेशी तिकीट दिसलं की "पायलटचं!" अशी हाक देऊन तो ते मडिवाळप्पा हुडग्यांच्या ओसरीवर ठेवून जाई. किराणावाला त्यांना पायलट म्हणे, न्हावी पायलट म्हणे, आणि राग आला की बायको नागुबाईसुद्धा म्हणे, "आवो पायलट, आधी दळण आना."

दिसायला मात्र माणूस पायलटसारखा मुळीच नव्हता. बुटका, गोल, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे आणि अंगाला कायम मळीचा वास, कारण नोकरी साखर कारखान्यात केमिस्टची. मी आयुष्यभर फिरत्या नाटक कंपनीत कामं केली. राण्या केल्या, खाष्ट सासवा केल्या, एकदा राजाच तापानं पडला म्हणून दाढी लावून राजाही केला. भूमिकेला माणूस निवडताना आमचे मालक आधी उंची बघत, मग आवाज. मडिवाळप्पांना त्यांनी फार तर दिवाणजी दिला असता. विमान दिलं नसतं.

विमान त्यांना आफ्रिकेनं दिलं. तरुणपणी ते तिकडच्या एका साखर कारखान्यात नोकरीला गेले होते. उसाचे मळे एवढे लांबरुंद की मालकानं पाहणीसाठी एक छोटं विमान ठेवलेलं. रविवारी बाकीचे लोक पत्ते कुटत. मडिवाळप्पा विमान शिकले. पुढे कारखान्यानं यंत्रं शिकायला अमेरिकेला धाडलं. तिथंही रविवार होतेच. असा हा औशाजवळच्या खेड्यातला माणूस दोन देशांची खासगी वैमानिकाची लायसन्सं खिशात घालून घरी आला, आणि आल्यावर तिसरं, आपल्या देशाचं, तेही काढलं.

खासगी म्हणजे हौशी. त्यावर पगार घ्यायचा नाही, भाडं घ्यायचं नाही. आपण उडायचं, फार तर घरचं माणूस शेजारी बसवायचं. आम्ही पोटासाठी नाटक करायचो आणि गणपतीत शाळामास्तर मंडळी हौसेनं करायची, तसं. आणि खरं सांगते, हौशी नटाइतका घाबरलेला आणि आनंदी माणूस मी रंगमंचावर दुसरा पाहिला नाही.

मला वाटायचं, लायसन्स एकदा मिळालं की मिळालं. मी तसं म्हटल्यावर मडिवाळप्पा ओसरीवर हसले.

"कोंडाक्का, तुमी एकदा राणी केली की कायमची राणी. आमचं तसं न्हाई."

"आमचंही कुठं तसं?" मी म्हटलं. "दोन हंगाम घरी बसलं की मालक विचारायचा, बाई, आवाज राहिलाय का? म्हणून दाखवा बरं."

"बस! हेच! माझे मालक तीन हायत येवढंच. आन् तिघांचं एकमेकांशी बोलनं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. आफ्रिकेच्या लायसन्सला दरवर्षी हजेरी लागे: वर्षात किती तास उडालात ते दाखवा आणि त्यांच्याच परीक्षकाची सही घ्या. अमेरिकेचं कागदावर मरेपर्यंत मरत नसे, पण दर दोन वर्षांनी त्यांनी नेमलेल्या शिक्षकाला शेजारी बसवून उडून दाखवलं नाही, तर ते झोपी जाई. आपल्या देशाचं ठरल्या तारखेला सरळ संपे. त्याआधी डॉक्टरचा दाखला, उडाल्याचे तास आणि परीक्षकासमोर परीक्षा. मग कुठं लायसन्सवरचं रेटिंग, म्हणजे कोणतं विमान चालवायला मुभा आहे ती ओळ, पुढे चालू राही. तारीख हुकली तर लेखी परीक्षेपासून पुन्हा श्रीगणेशा. उडालेले तास तिघांनाही चालत. सही मात्र ज्याची त्यालाच लागे.

नागुबाई दारात गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "लई लांब कशाला सांगून राहिलाव? तीन घरचा जावई हाय ह्यो मानूस. येक सासू म्हनती, वर्साला तोंड दाखव. दुसरी म्हनती, दोन वर्सांनी ये, पन माझ्याच घरच्या पुजारी जंगमाला घिऊन ये. आन् तिसरी म्हनती, तारखेच्या आत न्हाई आलास, तर पोरगी दुसऱ्याला दिली."

यातली पहिली सासू कधीच तुटली होती. सहीसाठी दरवर्षी आफ्रिकेला कोण जाणार? दुसरीसाठी मडिवाळप्पांनी बरेच हातपाय मारले. लातुरात एकदा एक अमेरिकन पाहुणा आला. कुणीतरी सांगितलं, शिक्षक आहे. मडिवाळप्पांनी त्याला धरून घरी आणलं. पाहुण्याला जेवायच्या आधी कामाचं विचारायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून आधी पुरणपोळी, मग तूप, मग आणखी एक पोळी. तो बिचारा घामाघूम. शेवटी पानसुपारी झाल्यावर मडिवाळप्पांनी हात जोडून विचारलं, "साहेब, तुम्ही कोणतं विमान शिकवता?" तो शेळ्यांचा तज्ज्ञ निघाला. दुष्काळात शेळी कशी जगवावी हे शिकवायला आला होता. जाताना त्यानं नागुबाईंच्या शेळीचे दात तपासले आणि तिला उत्तम प्रकृतीचा दाखला दिला.

"घरात येकाला तरी दाखला मिळाला," नागुबाई म्हणाल्या.

उरली तिसरी सासू. तिच्यावर सगळी भिस्त होती.

त्या वेळी लातूर जिल्हा नवा होता. नवी कचेरी, नव्या जीपगाड्या, नव्या पाट्या. सगळ्यांनाच आपल्याकडे काय काय आहे ते मोजून दाखवायची हौस. झेंडावंदनाला मडिवाळप्पांना व्यासपीठावर बसवलं होतं आणि सूत्रसंचालकानं त्यांची ओळख करून दिली: "आपल्या जिल्ह्याचे एकमेव वैमानिक!" टाळ्या पडल्या. मडिवाळप्पा उठून उभे राहिले, तरी उभे राहिले की नाही ते मागच्या रांगेला कळलं नाही.

आणि पाऊस नव्हता. सलग दोन वर्षं ओढ दिली होती, हे तिसरं. ऊस नाही म्हणून कारखाना थंड, गल्लीत टँकर आला की घागरींची भांडणं. गल्लीतला प्रत्येक माणूस सकाळी उठून आभाळाकडे बघे, ढग आहे का म्हणून. मडिवाळप्पाही बघत. निळंभोर आभाळ दिसलं की त्यांचा चेहरा क्षणभर खुले, कारण उडायला त्यासारखी हवा नाही. आणि दुसऱ्या क्षणी आपण काय केलं हे ध्यानात येऊन ते एवढे ओशाळत की घागर घेऊन टँकरच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहत. मी हे समोरून पाहिलेलं आहे. एवढा प्रामाणिक अभिनय, म्हणजे अभिनय नसलेला, क्वचित बघायला मिळतो.

विमान होतं नांदेडला. तिथल्या धावपट्टीवर एका फ्लाइंग क्लबचं एकच दोन-आसनी विमान, पुष्पक नावाचं. तास पुरे झाले होते, डॉक्टरचा दाखला झाला होता. राहिली होती फक्त परीक्षा. परीक्षक, कॅप्टन नरसय्या, हैदराबादहून येणार होते, पण धुळीच्या वावटळींमुळे त्यांची तारीख दोनदा पुढे गेली. शेवटी तार आली. मडिवाळप्पांनी ती वाचली आणि ओसरीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं.

लायसन्सची मुदत दसऱ्याच्या दिवशी संपत होती. कॅप्टन येणार होते आदल्या दिवशी. म्हणजे खंडेनवमीला.

आता खंडेनवमी म्हणजे आमच्याकडे अवजारांचा सण. नांगर, विळे, कात्री, शिवणयंत्र, ज्याच्यावर ज्याचं पोट किंवा हौस, ते सगळं धुऊनपुसून मांडायचं, पूजा करायची, आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. अवजारालाही वर्षातून एक दिवस विश्रांती. कंपनीत आम्ही त्या दिवशी पेटी-तबला मांडून ठेवायचो आणि मालक जीव गेला तरी खेळ लावत नसत.

नागुबाईंनी निकाल दिला. "त्या दिवशी विमान चालवायचं न्हाई."

"नागू, तारीख संपायली!"

"संपू दे. अवजार कोपलं तर वरून खाली यायला येळ लागत न्हाई."

"अगं, ते लायसन्स गेलं तर ह्या वयात परत पेपर कोन दिईल? सगळी दुनिया मला पायलट म्हनती. उद्यापासून काय म्हनायचं? माजी पायलट?" त्यांनी तार घडी घालून खिशात कोंबली. "आयुष्यात घरासाठी केलं, भावांसाठी केलं, कारखान्यासाठी केलं. ही येक गोष्ट मी माझी म्हनून केली. ती बी सनात घालवू?"

नागुबाईंच्या हातातलं सूप थांबलं. मला लोक अजून रस्त्यात "राणीसाहेब" म्हणतात, आणि मी मान वळवते. ज्या नावाचं काम आपण आता करत नाही त्या नावानं हाक आली की कसं होतं, ते मला कुणी सांगायला नको. म्हणून मी मध्ये पडले.

"नागुबाई, विश्रांती द्यायचीच ना? मग आधी विमानाची रीतसर पूजा करू, घटकाभर विश्रांती देऊ, पाया पडून परवानगी मागू, मग उडू दे. कंपनीबाहेरच्या वाजवण्यावर पेटीवाल्याचं पोट असंच एकदा अडलं होतं, तेव्हा आम्ही असंच केलं."

सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पूजा मी करनार. ह्यांनी न्हाई. ह्यांना मंतर येत न्हाईत, निस्ते तास येतात."

खंडेनवमीला पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. नागुबाईंच्या मांडीवर पूजेचं ताट, आणि कमरेशी धरलेला झाकणाचा तांब्या. अहमदपूरपर्यंत त्यांनी तो तांब्या कुणाला धरू दिला नाही. टँकरचं पाणी होतं ते.

धावपट्टीवर पुष्पक उभं होतं. धुळीनं माखलं तरी कापडानं पुसून जेवढं चकाकेल तेवढं चकाकलेलं. क्लबचा मेकॅनिक ग्यानोबा ताट बघून खूश झाला.

"आवो, लई बरं झालं! मी बी पाना-पक्कड मांडून पूजा केलोय सकाळी. पन पंख्याखाली नारळ फोडू नगा, कॅप्टनसाब खफा व्हतेत."

कॅप्टन नरसय्या उंच, पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे. आमच्या मालकांनी त्यांना बघताक्षणी सेनापती दिला असता. मडिवाळप्पांनी त्यांच्यासमोर विमानाभोवती फिरून एकेक वस्तू हलवून, वाकून, बोट लावून तपासली. तपासणी झाली. मग नागुबाई पुढे झाल्या.

"साहेब, दहा मिनिटं. आज त्याचा सन हाय."

कॅप्टननी घड्याळ पाहिलं, विमान पाहिलं, नागुबाईंना पाहिलं. "बरं अम्मा," म्हणाले.

नागुबाईंनी वाटीत भस्म घेतलं आणि तांब्यातलं पाणी घातलं. थेंबच, कारण पाणी सांडायची त्यांची छाती नव्हती. भस्म लोण्यासारखं घट्ट कालवलं गेलं. त्यांनी पुढच्या पंख्यावर तीन पट्टे ओढले, चाकांवर ओढले, दारावर ओढले. मग पंखाखालून पुढे आलेली बोटाएवढी एक नळी त्यांना दिसली.

"हे काय? नाक का त्याचं?"

"नाकच समजा," ग्यानोबा म्हणाला.

त्यांनी नाकालाही मायेनं भस्म लावलं, लेकराला लावतात तसं, अंगठ्यानं दाबून. मी आमच्या नांदीतली दोन कडवी म्हटली. त्या उघड्या माळावर आवाज कुठं आदळत नाही, नुसता जातो. फार वर्षांनी एवढं मोठं थिएटर मिळालं. खोबरं वाटलं. कॅप्टननीही खाल्लं. विमानाला विश्रांती म्हणून आम्ही सगळे सावलीत गप्प बसलो. मग नागुबाईंनी विमानाच्या पाया पडून सांगितलं, "ह्यांचं येवढं काम करून दे. उद्या दिवसभर झोप."

दोघं आत बसले. इंजिन फुरफुरलं. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आणि धुळीचा लोट उठवत सुटलं. शेपूट उचललं. नागुबाईंनी डोळे मिटले. आणि एकदम आवाज पडला. विमान धावता धावता हळू झालं, आणखी हळू, आणि पट्टीवरच थांबलं.

"काय झालं?" नागुबाई ओरडल्या. "कोपलं! मी म्हनलं नव्हतं?"

विमान परत आलं. मडिवाळप्पा उतरले तेव्हा चेहऱ्यावरचं भस्म घामानं गळ्यापर्यंत आलं होतं. "ग्यानोबा, वेगाचा काटा हलंना. शून्यावर बसलाय," ते म्हणाले. "म्हनून थांबिवलो."

ग्यानोबा थेट पंखाखाली गेला, त्या नळीत वाकून बघितलं, आणि तिथंच खाली बसून पोट धरून हसायला लागला. विमानाला वेग कळतो तो त्या नळीतून आत शिरणाऱ्या वाऱ्यावरून. आणि विमानाचं नाक नागुबाईंच्या घट्ट भस्मानं गच्च बुजलं होतं.

नागुबाईंना हे कळलं तेव्हा त्या उन्हात पांढऱ्या पडल्या. "माझ्यामुळं? आवो, माझ्यामुळं गेलं का तुमचं?"

मडिवाळप्पा कॅप्टनकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. कॅप्टननी टोपी काढली, डोकं पुसलं, आणि आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत बोलले. त्याचा अर्थ असा:

"मिस्टर हुडगे, एक चूक झाली. तपासणीनंतर विमानाला कुणीही हात लावला, परमेश्वरानं लावला तरी, पुन्हा तपासायचं. तुम्ही तपासलं नाही."

मडिवाळप्पांनी मान खाली घातली.

"पण मीही तिथंच होतो. खोबरं खात होतो. तेव्हा अर्धी चूक माझी." मग मिशीत काहीतरी हललं. "या परीक्षेत मी नेहमी काट्यावर पोस्टकार्ड धरतो, आणि काटा बंद पडला असं समजा म्हणतो. सगळे समजतात. आज पहिल्यांदा काटा खरोखर बंद पडला, आणि उमेदवार माझ्या आधी थांबला. नळी साफ करा. पुढची परीक्षा बाकी आहे."

ग्यानोबानं नळी साफ करून, वारा फुंकून, काटा हलतो याची खात्री केली. मडिवाळप्पांनी या वेळी विमानाभोवती दोनदा फेरी मारली आणि नागुबाईंना हात धरून सावलीत नेऊन बसवलं. "हितून हलायचं न्हाई."

दुसऱ्यांदा पुष्पक सरळ वर गेलं. माझ्या तोंडून "वाहवा" निघून गेलं, प्रवेश चांगला झाला की निघायचं तसं. ते वळलं, वर चढलं, कुठल्या कुठं गेलं, परत डोक्यावर आलं. आणि तिथं, भर आभाळात, इंजिनाचा आवाज बंद झाला.

नागुबाईंनी माझं मनगट असं धरलं की चार बांगड्या वाकल्या. "अक्का, परत बुजलं!"

"न्हाई वो माय," ग्यानोबा म्हणाला. "कॅप्टनसाबच कमी करतेत. इंजिन बंद पडलं तर ह्यांना उतरता येतंय का, ते बघायला."

"मुद्दाम?"

"हाव. मुद्दाम."

"ह्यो मानूस परीक्षा घेऊन राहिला का जीव?" त्या उठून उभ्या राहिल्या आणि आभाळाकडे हात करून ओरडल्या, "आवो साहेब! चालू करा ते! सनासुदीचं काय करून राहिलाव!"

विमान घारीसारखं गोल फिरत खाली खाली आलं, पट्टीच्या रेषेत आलं, आणि इंजिनानं पुन्हा गळा साफ करून तान घेतली. आणखी दोन वेळा चाकं टेकली, उचलली. तिसऱ्यांदा टेकली ती अशी, की धूळसुद्धा नीट उडाली नाही.

कॅप्टननी विमानाच्या शेपटीवर कागद ठेवून सही केली. मडिवाळप्पा ती वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले. नागुबाई पुढे झाल्या तेव्हा कॅप्टन दोन पावलं मागे सरकले. त्यांनी खालचं ओरडणं ऐकलं नव्हतं, पण हात बघितले होते. नागुबाईंनी त्यांना उरलेलं खोबरं दिलं आणि म्हणाल्या, "पास केलाव ते बरं केलाव. पन भस्मानंच केलंय, ध्यानात ठिवा."

यावर त्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. मडिवाळप्पा म्हणतात, भस्मामुळे नापास होता होता वाचलो. नागुबाई म्हणतात, भस्म नसतं तर साहेबांना तुमची अक्कल कशी कळली असती? मी दोन्ही बाजूंना मान डोलावते. कंपनीत शिकलेलं आहे.

परतीच्या एसटीत मात्र नागुबाई सारख्या आपल्या अंगठ्याकडे बघत होत्या. लोह्याच्या पुढे त्यांनी मला हळूच विचारलं, "अक्का, त्या नाकाची जाडी किती असंल? माझ्या अंगठ्यायेवढी?"

दसरा झाल्यावर त्यांनी ट्रंकेतला एक लाल इरकली खण काढला. त्याची छोटी टोपी शिवली, नळीवर घट्ट बसेल अशी, आणि टोकाला हातभर लांब पट्टी सोडली, लांबून कुणालाही दिसावी म्हणून. ग्यानोबा म्हणाला, विलायतेच्या विमानांना बी अशीच लाल पट्टीची टोपी असते, उडायच्या आधी काढायची. "पन खनाची न्हाई," तो म्हणाला. "आपल्याच नाकाला खन हाय."

ती टोपी पहिल्यांदा चढवायला आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. नागुबाईंनी टोपीलाच भस्म लावलं, नमस्कार केला, मग टोपी काढून कमरेला खोचली. आणि कुणी काही म्हणायच्या आत, लुगड्याचा काचा आवळून, पंखाखालच्या आडव्या दांडीला धरून आत जाऊन बसल्या. इतकी वर्षं मडिवाळप्पा त्यांना वर न्यायला बोलावत होते आणि त्या म्हणत होत्या, सासवांचं मिटू दे आधी.

मडिवाळप्पा शेजारी बसले. चावीकडे हात गेला, आणि थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

नागुबाईंनी कमरेची लाल टोपी काढून त्यांच्या नाकासमोर धरली. "हाय माझ्याजवळ. चला, पायलट."

खाली उतरल्यावर मी विचारलं, "कसं दिसलं?"

"गोदावरी माझ्या लुगड्याच्या काठायेवढी," त्या म्हणाल्या. "बारीक झाली बिचारी. पन तुटली न्हाई कुठं."

आजही त्या क्लबात पुष्पकवर बसणारा कुणीही असो, इंजिन चालू करायच्या आधी ग्यानोबा लांबून ओरडतो, "खन दाखवा!" आणि आतल्या माणसाला खिडकीतून लाल टोपी बाहेर काढून हलवावीच लागते. मडिवाळप्पांची मुदत त्यानंतर दोनदा वाढली. दोन्ही वेळा सही झाल्यावरच्या पहिल्या उड्डाणाला टोपी हलवणारा हात बांगड्यांचा होता.